हापशामागचा वाफा

बहुतेक शाळांत परसबागेतलं गवत उपटायला लावणं ही शिक्षा असते. आपल्या शाळेत, निदान आमच्या वेळी, हापशामागच्या वाफ्यातलं गवत कुणी उपटलं तर त्याला शिक्षा व्हायची. ही 1988-89 च्या सुमाराची, मी चौथीत असतानाची गोष्ट. बाकीच्या वाफ्यांत वांगी, मेथी, झेंडू. या एका वाफ्यात मात्र गुरुजींनी माळावरून आणून लावलेलं मारवेल, पवन्या, डोंगरी आणि कुसळी. हरळी न लावताच आली. गावात हसू झालं. आमच्या सोलापूरकडच्या काळ्या रानात माणसाचा निम्मा जन्म हरळी-कुंदा खणण्यात जातो आणि त्याचं पोरगं शाळेत गवत लावतंय म्हटल्यावर लोक हसणारच!

गुरुजींचं म्हणणं साधं होतं. माळावर गुरं गवताला तुऱ्यावर येऊच देत नाहीत, आणि तुरा आल्याशिवाय गवताची जात नीट ओळखू येत नाही. म्हणून वाफ्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण. भाद्रपदात तुरे बाहेर पडले की आम्ही भिंग घेऊन बसायचो. मारवेलचा तुरा जांभळट, बोटं फाकल्यासारखा. पेरावर भिंग धरलं की पांढऱ्या केसांचं बारीक कडं दिसायचं. गणपतीच्या दूर्वा निवडणाऱ्या पोरींना हरळी पाठ होती, पण हे कडं कुणीच कधी पाहिलं नव्हतं. लव्हाळ्याची दांडी बोटांत फिरवली की तीन कडा लागतात, म्हणून तो गवतात मोडत नाही. गाजर गवत तर सूर्यफुलाच्या कुळातलं. ते फुलायच्या आत मुळासकट उपटायची मोकळीक होती. आणि ज्वारी हे गवतच, हे ऐकून आमच्यातला एक जण गुरुजींशी चांगलाच भांडला होता.

सगळ्यांत मजा कुसळाची. वाळलेलं कुसळ पाटीवर ठेवायचं आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडायचा. शेपटीचा पीळ उलगडायला लागतो आणि अख्खं कुसळ गरगर फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. असं ओलं-वाळलं होत होत त्याचं टोकदार बी मातीत शिरतं. आज मी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करतो. दिवाळीच्या आगेमागे मेंढ्या येतात, ओठांत आणि कातडीत कुसळं रुतलेल्या. चिमट्याने ती काढताना टोकावरचे उलटे केस जाणवतात आणि बी मागे का येत नाही ते कळतं.

सायकलची जुनी रिम घेऊन आम्ही माळावरही जायचो. रिम फेकायची, ती पडेल तिथे आतली गवतं मोजायची. चरलेल्या माळावर रिमभर कुसळी, मारवेल एखादंच. गुरं चवीचं आधी खातात, खरखरीत मागे राहतं आणि तेच बी धरतं. मेंढपाळांशी कुरण आळीपाळीने राखण्याबद्दल बोलताना मी आजही पुस्तकातलं काही सांगत नाही, ही रिमच सांगतो. सहलीला नान्नजच्या अभयारण्यात गेलो तेव्हा माळढोक काही दिसला नाही, काळवीट दिसले. पोरं हिरमुसली. गुरुजी मात्र राखलेल्या गवतात गुडघ्यावर बसून पवन्या दाखवत राहिले. 1979 पासून राखलेलं रान आहे हे, म्हणाले, तुरे बघा.

मागच्या वर्षी शाळेत आलो होतो. हापशामागे आता पेव्हर ब्लॉक आहेत. चिखल होत नाही, हे खरं. पण स्वच्छतागृहापलीकडे, कुंपणाला लागून एक पट्टा अजून मोकळा आहे; तिथे फरशी घालू नये, एवढी व्यवस्थापन समितीला विनंती. पहिला पाऊस झाला की मारवेलची ठोंबं मी पाठवतो, आमच्या बांधावर भरपूर आहेत. पवन्याचं बीही मिळेल. कुसळीचं मात्र मुलांच्या मोज्यांना विचारून ठरवा.