थंडीचं वाक्य

दुपारपासून एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. 1971 च्या युद्धातल्या वैमानिक सेखोंच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात, लढाईचं वर्णन सुरू व्हायच्या आधीच ते येतं. श्रीनगरचा मुलूख त्याच्या ओळखीचा नव्हता, तिथल्या उंचीची त्याला सवय नव्हती, आणि त्यात काश्मीरच्या हिवाळ्यातली कडाक्याची थंडी आणि बोचरा वारा. एवढंच. पुढे लगेच शत्रूची विमानं येतात आणि आपण श्वास रोखून वाचत सुटतो. मी मात्र तिथेच अडकले.

धाकटीच्या भाषणासाठी वाचत होते. तिने सगळं नीट काढलंय. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों, लुधियानाजवळचं इसेवाल गाव, 18 स्क्वाड्रन, 14 डिसेंबर 1971, पेशावरहून आलेली पाकिस्तानची सहा सेबर लढाऊ विमानं, हवाई दलाला मिळालेलं आजवरचं एकमेव परमवीर चक्र. शेवटी टपाल तिकीट आणि अंदमानातल्या बेटाला दिलेलं त्याचं नाव. मी म्हटलं, थंडीचं पण घाल की गं. तर म्हणाली, "आई, तीनच मिनिटं आहेत. आणि थंडी वाजण्यात कसलं शौर्य?"

तिला तेव्हा उत्तर दिलं नाही. तेव्हापासून मनातल्या मनात देतेच आहे.

जुन्या आंतरराष्ट्रीय करारामुळे युद्धाला तोंड फुटेपर्यंत श्रीनगरला लढाऊ विमानं ठेवलेलीच नव्हती. युद्ध 3 डिसेंबरला पेटलं. म्हणजे हा मुलगा तिथे जेमतेम रुळत असणार. पंजाबातली थंडी त्याच्या अंगाला ठाऊक होती, पण ही वेगळी. पहाटे विमानाजवळ तयारीत उभं राहायचं, बोटं आखडलेली, श्वासाची वाफ. सव्वीस वर्षांचा. लग्नाला काही महिनेच झालेले. सगळ्यांना 'ब्रदर' म्हणायचा म्हणून सोबतचे त्यालाच ब्रदर म्हणायला लागले होते. मानपत्र लिहिणाऱ्या कुठल्याशा अधिकाऱ्याला त्याची थंडी नोंदवाविशी वाटली, हे मला फार मोठं वाटतंय. त्यांना तो माणूस म्हणून आठवत होता.

पुढचं सगळं काही मिनिटांतलं. आपल्या दोन नॅट, म्हणजे छोटी लढाऊ विमानं, उडायच्या होत्या. सोबतचे वैमानिक घुमन आधी सुटले, त्यांच्या मागून हा, आणि तोवर धावपट्टीवर बॉम्ब पडायला लागलेले. हल्ला चालू असताना उड्डाण करणं म्हणजे मरणाच्या तोंडात शिरणं, तरी तो थांबला नाही. धूळ आणि धुक्यात दोघांची चुकामूक झाली ती झालीच. मग हा एकटा दोन सेबरच्या मागे. मानपत्र म्हणतं, एकावर मारा अचूक बसला, दुसऱ्याला आग लागली. तेवढ्यात बाकीची सेबर धावून आली आणि एकास चार झाले. झाडांच्या शेंड्याएवढ्या उंचीवर ही झुंज चालली होती. रेडिओवर त्याने सांगितलं की आपल्याला बहुतेक लागलंय, आणि घुमनना हाक मारली, या, यांना पकडा.

ती हाक मला ऐकवत नाही. भीतीची नाहीये ती, तक्रारीचीही नाही, काम दुसऱ्याच्या हाती सोपवतोय तो. म्हणूनच ऐकवत नाही.

विमानाचे अवशेष दरीत सापडले. तो सापडला नाही. लष्कराने शोधलं, हवाई दलाने शोधलं, पुन्हा पुन्हा शोधलं. आणि 17 तारखेला पश्चिमेकडच्या तोफाही थंडावल्या. तीन दिवसांचा फरक. त्याचे वडील स्वतः हवाई दलात होते, त्यांना तर कुणी काही समजावून सांगायचीही सोय नाही. त्या घरात थंडी पडली की काय होत असेल, हा विचार मी दुपारभर दूर ढकलतेय आणि तो पुन्हा येऊन बसतोय.

कारण आहे अर्थात. थोरल्याला हवाई दलाच्या निवडीसाठी आलेलं म्हैसूरचं पत्र अजून फ्रिजवर चुंबकाखाली आहे. हे त्याच्याकडे बघतात आणि पाण्याची बाटली काढून निघून जातात. आजींनी तर... असो. शेजारच्या घरातल्या शिवाजीची ती म्हण अजून कुणी काढली नाही, तेवढं बरं. माझ्याशी मात्र कुणी धड बोलत नाही. सगळे 'अभिमान वाटतो की नाही' असं विचारतात आणि उत्तराला थांबत नाहीत. मला रडायलाही या घरात कोपरा नाही असं आज चार वाजता अगदी वाटत होतं.

मग खालून आवाज आले म्हणून गॅलरीत गेले. थोरला पार्किंगमध्ये टेप आणि खडू घेऊन बसला होता, धाकटी टेपचं दुसरं टोक धरून. नॅटच्या पंखांची लांबी जमिनीवर आखत होते. टोकापासून टोकापर्यंत पावणेसात मीटरही नाही. तीन गाड्यांच्या जागेत दोन्ही पंख मावले. सेबर त्याच्या दीडपटीहून मोठं, ते काढायला गेले तर रेघ थेट वॉचमनच्या खुर्चीपर्यंत पोचली. थोरला तिला सांगत होता की लहान म्हणूनच नॅट शत्रूला चटकन दिसायची नाही, आणि 1965 मध्ये हिनेच सेबर पाडली, आणि आपल्याकडे बंगळूरला बनायची ही. सांगताना तो खडूच्या पंखांच्या बरोबर मधोमध जाऊन उभा राहिला. हात पसरून नाही, काही नाही. नुसता उभा. त्याचा चेहरा मी इतका मोकळा कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

सेखोंलाही विमान असंच आवडत असणार. हे इतकं साधं कसं मला सुचलं नाही? मी दिवसभर त्याच्या मरणाकडेच बघत होते. पण त्या थंडीत तो पट्टे आवळून आत बसला तेव्हा त्याला जे येत होतं, जे त्याने वर्षानुवर्षं शिकून अंगात मुरवलं होतं, तेच तो करत होता. आणि थंडी वाजत होतीच. धाकटीला हेच सांगितलं जेवताना. गारठलेल्या अंगानेच तो उडाला, म्हणून ते वाक्य हवं. तिने जरा विचार केला आणि टपाल तिकिटाचं वाक्य खोडलं.

थोरल्याची ती कॉम्प्युटरवरची पायलटची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नाही निघाली तर पुन्हा नाही. निघाली तर... तेही आहेच. मी सोबत म्हैसूरला जायचा हट्ट धरला होता, बाहेर लॉजवर राहीन म्हटलं होतं, आणि हे गप्पपणे दोन तिकिटं बघत होते.

मघाशी यांना सांगितलं, एकच काढा. खिडकीजवळचं मिळतंय का बघा.