बबड्या, आता गचका येणार हं

बबड्या अडीच वर्षांचा आहे आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तो माझ्या सायकलच्या मागच्या सीटवर बसून आमच्या सोसायटीच्या गेटपासून कर्वे पुतळ्यापर्यंत जो काही रडलाय ना, ते मला अजून आठवतं. पुतळ्यापाशी थांबलो, नवऱ्याने त्याला कडेवर घेतलं आणि तो हेल्मेट ओढून काढायला बघत होता आणि हुंदके देत एकच शब्द म्हणत होता, घरी, घरी. ताई, म्हणजे आमची आठ वर्षांची मोठी, आपली वीस इंची सायकल धरून बाजूला उभी होती आणि तिचाही चेहरा पडला होता कारण सारसबागेत जायचं ठरलं होतं. परत फिरलो. वाटेत एक काका मॉर्निंग वॉकवाले म्हणाले रडू द्या हो, होते सवय. घरी सासूबाईही तेच म्हणाल्या.

मला ते पटलं नाही. सवय होते हे खरं असेल पण अडीच वर्षांचं पोर एवढं जीव तोडून रडतंय म्हणजे त्याला काहीतरी होतंय, आणि ते काय होतंय ते त्याला सांगता येत नाहीये, मग ते शोधायचं काम आपलंच आहे ना. या पोस्टमध्ये तेच लिहितेय, आम्हाला काय काय सापडलं ते, कारण माझ्या दोन मैत्रिणी सध्या याच टप्प्यावर आहेत आणि दोघींनी सीट आणून गॅलरीत ठेवून दिलीय.

पहिली गोष्ट सापडली ती हेल्मेटची. त्याच दिवशी आंघोळीच्या वेळी बघितलं तर हनुवटीखाली बारीकसा लाल चट्टा. बकल लावताना कातडी चिमटली होती! सकाळी घाईत मी टक्कन लावलं आणि तो ओरडला तेव्हा मला वाटलं नाटक करतोय. इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. तेव्हापासून बकल लावताना माझं एक बोट त्याच्या हनुवटी आणि बकलच्या मधे असतं, चिमटलं तर मला चिमटू दे. आणि लावायच्या आधी सांगते, बोट ठेवलंय, आता टक् होणार. टक् तो म्हणतो मग मी लावते.

हेल्मेटचं अजून एक, जे मला दुकानात कोणी सांगितलं नव्हतं. लहान मुलांच्या मागच्या सीटला पाठ उंच असते, डोक्यापर्यंत, आणि हेल्मेटला मागे फुगवटा असेल तर तो त्या पाठीवर टेकतो आणि पोराची मान सारखी पुढे ढकलली जाते. म्हणजे तो बिचारा पूर्ण वेळ हनुवटी छातीला लावून बसला होता. समोर काय दिसणार, माझ्या जॅकेटची शिवण. मग मागून चपटं असलेलं हेल्मेट शोधलं. डोक्याचं माप घरीच शिवणाच्या टेपने घ्या, भुवयांच्या जरा वरून गोल, याचं ४९ सेंटिमीटर आलं, ४८ ते ५२ वालं घेतलं. घातल्यावर भुवई आणि हेल्मेटची कड यात दोन बोटं जागा, कानाखाली पट्ट्यांचा व्ही, आणि हनुवटीखाली एखाद दोन बोटं जातील एवढंच सैल. मुलगी असेल तर उंच पोनी किंवा अंबाडा नको, तोही फुगवट्यासारखाच मान ढकलतो.

दुसरी गोष्ट माझा स्कार्फ. पुण्यात आम्ही बायका गाडीवर बसलो की तोंडाला स्कार्फ गुंडाळणारच, हात आपोआप जातो, सायकलवरही तेच. पण मी वळून बघितलं की त्याला आई दिसतच नव्हती, नुसते डोळे, आणि माझा आवाजही कापडातून घुसमटल्यासारखा येत होता. शिवाय स्कार्फचं टोक वाऱ्याने त्याच्या तोंडावर. आता स्कार्फ बंद. ओढणी तर सायकलवर नकोच, मागच्या चाकात गेली तर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

पण खरी चावी बाबांकडे मिळाली. माझे बाबा शुक्रवार पेठेत राहतात, वय ७४, आयुष्यभर खडकीच्या फॅक्टरीत सायकलने गेले. पुणं म्हणजे सायकलींचं शहर असं म्हणायचे ते दिवस त्यांनी स्वतः पाहिलेत, फॅक्टरी सुटली की रस्ताभर नुसत्या सायकली आणि घंट्या. मला त्यांनी सायकलच्या दांडीवर छोटी सीट बसवून सगळं शहर दाखवलंय. त्यांना फोनवर बबड्याचं सांगितलं तर म्हणाले, "अगं, तू त्याला सांगतेस का काय येणार ते? तुला मी सगळं सांगायचो. खड्डा आला, धर घट्ट. आता उतार. आता थांबणार. तू पुढे बसायचीस तरी सांगायचो, हा तर मागे बसतो, त्याला काहीच दिसत नाही."

आणि मला एकदम आठवलं! दांडीवर बसलेय, बाबांची हनुवटी माझ्या डोक्याच्या वर, आणि वरून आवाज, आता वळणार हं. भीती कधी वाटल्याचं आठवतच नाही.

बघा ना, सायकल चालवणाऱ्याला खड्डा दिसतो, तो ढोपर जरा वाकवतो, ढुंगण उचलतो, ब्रेक लावायच्या आधी त्याला माहीत असतं ब्रेक लागणारे. मागे बसलेल्याला यातलं काही माहीत नाही. त्याला पट्ट्यांनी बांधलंय, हलता येत नाही, आणि अचानक खालून दणका बसतो. अचानक सगळं पुढे जातं. अचानक कोणीतरी कानाशी हॉर्न वाजवतं. आमच्या गेटपासून कर्वे पुतळ्यापर्यंत किती स्पीडब्रेकर आहेत ते मी नंतर चालत जाऊन बघितलं आणि त्यातला एकही त्याला सांगितला नव्हता.

मग आम्ही सगळं पहिल्यापासून सुरू केलं. पहिला आठवडा सायकल हॉलमध्ये. नुसती उभी. त्याचा कापडी हत्ती सीटमध्ये बसला, हत्तीला पाच पट्टे लावले (खांद्याचे दोन, कमरेचे दोन, पायामधला एक), हत्तीच्या डोक्यावर स्टीलची वाटी हेल्मेट म्हणून. बबड्या स्वतः हत्तीला म्हणायचा टक्. त्याला बसायचं का असं आम्ही विचारलंच नाही, नवऱ्याला फार मोह व्हायचा पण मी डोळे मोठे करायचे. पाचव्या दिवशी हत्तीला काढून स्वतः हात वर करून उभा राहिला.

दुसऱ्या आठवड्यात पार्किंगमध्ये. मी चालवायची नाही, नवऱ्याने हँडल आणि सीट धरून नुसती ढकलत न्यायची, मी बाजूने चालत. तो बास म्हणाला की तिथल्या तिथे थांबायचं आणि उतरवायचं, अगदी चार पावलांवर म्हणाला तरी. पहिल्या दिवशी त्याने सात वेळा बास केलं, मला वाटतं तो तपासत होता खरंच थांबतात का. चौथ्या दिवसापासून बास एकदाच, आणि तेही मांजर दिसलं म्हणून.

या काळात मी स्वतः सराव केला, आणि हे प्लीज करा, कारण पोराची भीती अर्धी आपल्या डगमगण्यातून येते. त्याचं वजन साडेबारा किलो, सीट साधारण चार, म्हणजे सोळा साडेसोळा किलो मागच्या चाकावर उंच. हँडल हलकं लागतं, चढावर तर पुढचं चाक उचलतंय की काय वाटतं, आणि थांबताना सायकल एका बाजूला जी जायला बघते तिला पायाने धरावं लागतं. मी दहा किलो तांदळाची पिशवी सीटला बांधून रोज रात्री पार्किंगमध्ये फेऱ्या मारल्या. तिसऱ्या रात्री फोन आला म्हणून साइड स्टँड लावून दोन पावलं लांब गेले आणि सायकल धाडकन आडवी, पिशवी फुटून तांदूळ पार जिन्यापर्यंत. सासूबाई सूप घेऊन खाली आल्या आणि तांदूळ भरताना एक शब्द बोलल्या नाहीत, मीही नाही, आम्हा दोघींच्या मनात एकच होतं की पिशवीच्या जागी तो असता तर. तेव्हापासून आमच्याकडे नियम पक्का आहे, पोर सीटमध्ये असताना सायकल स्टँडवर सोडायची नाही, एक सेकंद नाही, दोन्ही हात सायकलवरच. शेवटी बसवायचं, सगळ्यात आधी उतरवायचं.

पाय! मागच्या सीटला पाय अडकवायचे पट्टे असतात ते रोज तपासा, आणि चाकाच्या तारांच्या बाजूला आडोसा हवाच, मुलांचे पाय तारांमधे जाऊन वाईट जखमा होतात. बंद बूट घाला, लेस बाहेर लोंबणारी नको. सीटवर वजनाची मर्यादा छापलेली असते, आमच्या मागच्या सीटवर २२ किलो आहे, पुढे हँडलपाशी लावायच्या सीट्स साधारण १५ किलोपर्यंत. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला नाहीच, मान तेवढी तयार नसते. मोटरसायकल स्कूटरसाठी तर २०२२ साली केंद्राचा नियमच आला, ४ वर्षांखालच्या मुलाला हार्नेस आणि हेल्मेट, आणि वेग ४० च्या वर नाही. त्यात सायकलचं नाही पण माझ्या मते पोर तेच आहे आणि रस्ताही तोच.

मग रस्त्यावर. पहिल्यांदा फक्त गल्लीच्या टोकाच्या डेअरीपर्यंत, दुधाची पिशवी त्याच्या हातात, परत. चार दिवस तेच. बाबांनी सांगितल्याप्रमाणे मी अखंड बोलत होते. बबड्या, आता गचका येणार हं. एक, दोन, गचका! आता ब्रेक. आता डावीकडे वळणार. मागून बस येतेय, मोठ्ठा आवाज होणार. लोक बघायचे, बघू देत. तिसऱ्या दिवशी स्पीडब्रेकरच्या जरा आधी मी श्वास घ्यायला थांबले तर मागून बारीक आवाज आला, "गतका!" आणि गचका बसल्यावर तो हसला. खळखळून. मी सायकल बाजूला घेतली कारण मला डोळे पुसायचे होते.

मग थोरात उद्यान. तिथे घसरगुंडी आहे म्हणून तो आधीच सीटपाशी जाऊन उभा. एक सांगते, बागेत गेल्यावर घसरगुंडी, झोपाळ्याआधी हेल्मेट काढायचं म्हणजे काढायचंच, पट्टा कुठे अडकला तर गळ्याला फास बसतो. त्याला आवडायला लागल्यावर तो काढू देत नव्हता, मग हेल्मेट हत्तीला द्यायचं असं ठरलं.

थंडीचं मला उशिरा कळलं. आपण पॅडल मारत असतो, गेटच्या बाहेर पडेपर्यंत गरम होतं, तो मात्र नुसता बसलेला असतो आणि वारा अंगावर. जानेवारीत एकदा उतरवलं तर बोटं बर्फासारखी. आता हातमोजे, हेल्मेटखाली पातळ कानटोपी, आणि आपल्यापेक्षा एक थर जास्त. आणि झोपेची वेळ टाळा, डुलकी लागली की मान एका बाजूला लोंबते, आम्ही मग सरळ उतरून चालत येतो.

ताईचं काम यात फार मोठं आहे. ती आणि तिचा बाबा पुढे, मी मागे, आणि ती ओरडून सांगते, "खड्डाऽऽ!" आणि मागून बबड्या मला सांगतो, आई, खड्डा. आधी तिला वाटायचं याच्यामुळे आमची ट्रिप बुडाली, आता ती रस्त्याची खबर देणारी आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी सारसबाग झाली. रविवार, सकाळी साडेसहाला निघालो, रस्ते रिकामे, म्हात्रे पुलावरून दांडेकर पुलाकडे. पुलावर रस्त्याला जे सांधे असतात ना, त्यावरून सायकल गेली की आधी पुढचं चाक ठक् आणि मग मागचं ठक्. ते मी त्याला सांगितलं होतं, आधी आईचा ठक् मग बबड्याचा ठक्. पूर्ण पूलभर तो म्हणत होता, "आईचा. माझा. आईचा. माझा." पुढे पर्वती दिसली ती त्यालाच आधी दिसली, कारण आता मान वर असते.

बाबा घरून चालत आले होते, तळ्यातल्या गणपतीला नमस्कार करून बाहेर बाकावर बसले. शेजारी पेशवे पार्कात फुलराणी, मुलांची छोटी आगगाडी, आहे, १९५६ पासूनची, मीही त्यात बसलेय, पण इतक्या सकाळी कुठली सुरू असायला. ताई खट्टू झाली, बबड्याला पर्वा नव्हती. तो आजोबांचा हात धरून सायकलपाशी घेऊन गेला आणि त्यांना सीट दाखवून म्हणाला, आजोबा, बस. बाबा वाकून त्या सीटवर हात ठेवून बराच वेळ उभे होते.

परवाच्या रविवारी मात्र तो नको म्हणाला. रडला नाही, नुसता सोफ्यावर हत्तीला धरून बसला आणि मान हलवली. नवरा ताईला घेऊन गेला, आम्ही दोघं घरी थांबलो, नंतर मी एकटी त्याच सायकलवर मंडईत जाऊन आले आणि सीटमध्ये पालक, मेथी आणि एक भोपळा पट्टे लावून आणला. त्याने दारातच विचारलं, भोपळ्याला गतका सांगितला का?

सांगितला म्हटलं.