गचकरण लागलं की लावलं?

वर्धा जिल्ह्यातल्या बोरच्या जंगलात वाघ दिसला नाही, हे आधीच सांगून टाकते. जूनचा शेवटचा आठवडा, सफारी बंद व्हायला चार दिवस, दोन फेऱ्या, एक सांबर, विषय संपला. तिथून मैत्रिणीच्या गावी गेलो, कारंजा घाडगेच्या बाजूला. (लाडांचं कारंजा वेगळं, ते वाशिम जिल्ह्यात. मी एसटीत नुसतं 'कारंजा' म्हटलं आणि कंडक्टरकडून फुकट शिकवणी घेतली.)

हा गवळाऊ गाईंचा मुलूख, पांढऱ्या, सडपातळ, लांब तोंडाच्या. मैत्रिणीच्या आबाजींकडे अशा चार, आणि एक गोऱ्हा, इतका गोड की पोचल्यापोचल्या मी त्याच्या गळ्यात हात टाकून वीसेक सेल्फी काढले. डोळ्याभोवती त्याला राखाडी गोल चट्टे होते, कोणी चुन्याचं बोट टेकवल्यासारखे. मला वाटलं शेण सुकलंय, म्हणून नखाने खरवडून पाहिलं. हो, नखाने.

आबाजी कोठ्यातून ओरडले, "अवं बाई, हात नोको लावू, गचकरन लागलं हाय त्याले!" आणि लगेच, "जाय, थ्या कुंपनातून गचकरन तोडून आन."

मी तशीच उभी. रोग कुंपणातून तोडून आणायचा? गंमत करताहेत म्हणावं तर चेहरा सरळ. शेवटी कुंपणाशी जे हिरवं हाताला आलं ते उपटून आणलं. आबाजींना हसून हसून ठसका लागला. "हे तं तरोटा हाय, हे आपल्याले खायाचं हाय रातच्याले." आणि खरंच रात्री भाकरीबरोबर तरोट्याचीच भाजी होती, घरातले सगळे माझ्याकडे बघत खात होते.

तरी मी अगदीच ढ नाही बरं का. तरोट्याची संस्कृत नावं चक्रमर्द आणि दद्रुघ्न, म्हणजे हे चट्टे मोडणारा तोच! पण आबाजींना हवी होती गजकर्णी, कंबरेएवढं लांबट पानांचं झुडूप. रोग गजकर्ण, त्यावर जिचा पाला चोळतात ती गजकर्णी, आणि बोलता बोलता शेवटची ई झिजून गेली की दोघांचं एकच गचकरण. मी म्हटलं, आबाजी, मग कळतं कसं? तर म्हणे, "लागलं तं रोग, लावलं तं पाला. त्यात काय कळाचं हाय?"

दहा दिवसांनी घरी माझ्या मनगटावर रुपयाएवढं गोल लाल कडं उठलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "जनावराला हात लावला होता का?" ही बुरशी, वासरांची माणसाला सहज लागते, खपल्यांमधून गोठ्याच्या खांबांवरसुद्धा महिनोन्महिने टिकते. महिनाभर मलम. वासरांचं पुष्कळदा आपोआपच बरं होतं म्हणे काही महिन्यांत, तेवढं मी आबाजींना फोनवर सांगितलं नाही, कारण ते खुशीत होते, गोऱ्ह्याचं गेलं होतं. वर मलाच विचारलं, "तुवं काय? लावलं का नाही?"

येताना त्यांनी ओल्या फडक्यात एक फांदी बांधून दिली होती, ती बाल्कनीत कुंडीत जगली. जानेवारीत नाजूक पांढरी फुलं आली. शेजारच्या काकूंना भारी आवडली, नाव काय गं म्हणाल्या. मी मनगट पाठीमागे घेतलं आणि सांगितलं, जुईचाच प्रकार आहे.