निळा मफलर

इथे लिव्हरपूलला आमच्या वॉर्डात नवीन पेशंट आला की रक्तदाब मोजण्याआधी एक प्रश्न विचारला जातो. विचारतो तोच, आपण नाही. "निळी की लाल?" निळा म्हणजे एव्हर्टन, लाल म्हणजे लिव्हरपूल, या शहरातले दोन फुटबॉल क्लब. मी भारतातून आलेली नर्स, म्हणजे मी लालच असणार किंवा मला क्रिकेटच माहीत असणार, असं त्यांनी मनात धरलेलं असतं. मी "निळी, जन्मापासून" म्हणते, तेव्हा माणूस उशीवरून उठून बसतो. हर्णै बंदरावरच्या कोळ्याच्या घरातली मुलगी जन्मापासून एव्हर्टनची कशी, हे मग सांगावं लागतं. चार वर्षांत इतक्यांदा सांगितलंय की आज आपल्या माणसांसाठी मराठीत लिहून ठेवते.

माझे आजोबा बोटीवर खलाशी होते. दापोली, मंडणगड, खेड, गुहागर या पट्ट्यात घराघरात असा एखादा तरी माणूस असायचा. हर्णैला मुंबईची बोट लागायची, पडावातून बोटीपर्यंत जायचं, भाऊच्या धक्क्याला उतरायचं आणि शिपिंग ऑफिसच्या दारात नळी घेऊन उभं राहायचं. नळी म्हणजे खलाशाचं पुस्तक. पूर्वी ते पत्र्याच्या नळकांड्यात ठेवत, म्हणून नाव नळी. सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, निवडलं तर नऊ-दहा महिन्यांची सफर. नाहीतर परत घरी.

१९६६ च्या जुलैत त्यांची बोट लिव्हरपूलच्या गोदीत माल उतरवत होती. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये विश्वचषक चालू होता आणि त्यातले काही सामने एव्हर्टनच्या गुडिसन पार्कवर होते. गोदीतल्या एका गोऱ्या कामगाराने आजोबांना तिकीट दिलं. का दिलं, ते आजोबांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. भाषा दोघांची वेगळी, ओळख चार दिवसांची. त्याने तिकीट हातात ठेवलं आणि खुणेने 'चल' म्हणाला.

२३ जुलै, शनिवार. पोर्तुगाल विरुद्ध उत्तर कोरिया. फुटबॉलचा इतिहास माहीत असलेल्यांना पुढचं सांगायला नको, पण आजोबांना इतिहास माहीत नव्हता. त्यांना एवढंच दिसत होतं की त्यांच्या-माझ्यासारखी, बुटक्या चणीची माणसं मैदानभर धावतायत आणि हजारो गोरी माणसं त्यांच्या नावाने ओरडतायत. पंचवीस मिनिटांत कोरिया ३-० पुढे. मग पोर्तुगालचा युसेबियो जागा झाला. एकट्याने चार गोल, त्यातले दोन पेनल्टीवर, आणि शेवटी पोर्तुगाल ५-३. आजोबा सांगायचे, "गोल मोजता मोजता बोटं संपायला आली गो." आणि लगेच पुढे, "तो युसेबियो लॉरेंसो मार्कचा. आमची बोट लागायची तिथे." मोझांबिकच्या त्या बंदराचं नाव घेताना त्यांच्या आवाजात गाववाल्याचा अभिमान असायचा.

दुसऱ्या दिवशी बाजार बंद होता. सोमवार-मंगळवारी केव्हातरी ते पॅडीज मार्केटात गेले. जुन्या कपड्यांचा, जुन्या सामानाचा हा बाजार आपल्या खलाशांचा फार लाडका. एकामागे एक रांग धरून चालत जायचे आणि डोक्यावर शिलाई मशीन घेऊन परतायचे. आजोबांनीही हातमशीन घेतलं. आमच्या पडवीत ते अजून आहे, आई त्यावर अजून परकर शिवते. आणि मशीनबरोबर घेतला एक निळा लोकरी मफलर. हर्णैला मफलर कशाला लागतो? आजीने तेच विचारलं होतं म्हणे. पण त्या मैदानाचा रंग निळा, ज्या माणसाने तिकीट दिलं त्याच्या गळ्यातही निळाच होता, म्हणून निळा.

त्यानंतर त्यांनी गुडिसन पुन्हा कधी पाहिलं नाही. एकाच सामन्यावर, तोही एव्हर्टनचा नसलेल्या सामन्यावर, माणसाने सदतीस वर्षं क्लब धरला.

माझ्या लहानपणी शनिवारची रात्र रेडिओची. फिलिप्सचा ट्रान्झिस्टर, त्याची एरियलची तार अंगणातल्या माडाला बांधलेली. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवर थंडीच्या दिवसांत साडेदहाच्या सुमाराला निकाल लागायचे. खरखर, शिट्टी, मध्येच अरबी गाणं, आणि त्यातून तो संथ आवाज. मला इंग्रजी येत नव्हतं. पण निकाल वाचणाऱ्याचा सूर दुसऱ्या संघाच्या नावावर चढला की दुसरा जिंकला, उतरला की हरला, हे मी आठव्या वर्षी शिकले होते. आकडा यायच्या आधी कळायचं. त्या अर्ध्या क्षणात आजोबांचं बोट माझ्या मनगटावर घट्ट व्हायचं.

त्यांचं एक वाक्य होतं. एव्हर्टन मागे असलं आणि मी "गेली मॅच" म्हटलं की ते म्हणायचे, "पाणी अजून परतायचंय." बंदरावरचा माणूस, त्याला दुसरी उपमा कशी सुचणार. ७ मे १९९४ ला ते खरं ठरलं. शेवटचा सामना, हरलं तर क्लब खालच्या श्रेणीत, आणि विम्बल्डनविरुद्ध सुरुवातीलाच ०-२. वीज नव्हती, अंगणात बसलो होतो, आईने तीनदा जेवायला हाक मारली. निकाल आला तो एव्हर्टन ३, विम्बल्डन २. आजोबा उठले, आत गेले, देवासमोर नारळ ठेवला आणि मग जेवायला बसले. पुढच्याच वर्षी, २० मे १९९५ ला, पॉल राइडआउटच्या एका गोलवर मँचेस्टर युनायटेडला हरवून एव्हर्टनने एफए कप जिंकला. तेव्हा मफलर पेटीतून निघाला आणि मे महिन्याच्या घामात आजोबा तो गळ्यात घालून बंदरावर लिलावाला गेले. सुरमई-पापलेटच्या राशींमध्ये निळा मफलर. कुणी काही विचारलं नाही, त्यांना सवय होती.

त्यानंतर आजवर मोठा चषक नाही. तीस वर्षं झाली.

ऑक्टोबर २००२ मध्ये सोळा वर्षांच्या वेन रूनीने आर्सेनलविरुद्ध शेवटच्या मिनिटाला लांबून मारलेला गोल, त्याने आर्सेनलची तीस लीग सामन्यांची अपराजित घोडदौड थांबली. मीही तेव्हा सोळाची. आजोबा खाटेवर होते, मी कानाशी ओरडून सांगितलं. ते हसले. पुढच्या पावसाळ्यात गेले. रूनी २००४ मध्ये युनायटेडला गेला, ते त्यांना बघावं लागलं नाही याचं मला बरं वाटलं होतं.

मुंबईत नर्सिंग, मग नोकरी, लग्न, ती वर्षं इथे सांगत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात मी इथे आले. एजंटने तीन शहरांची नावं सांगितली तेव्हा मी दुसऱ्या दोघांकडे पाहिलंही नाही.

पहिल्या सुट्टीच्या दिवशी बस धरून गुडिसन पार्कला गेले. मनात मी काहीतरी राजवाड्यासारखं बांधून ठेवलं होतं. प्रत्यक्षात लाल विटांच्या चाळीवजा घरांच्या रांगा, आणि त्या रांगांच्या मधोमध, अंगाला अंग लावून, स्टेडियम. एका कोपऱ्यात तर चर्चच आहे, सेंट ल्यूकचं, दोन स्टँडच्या मध्ये घुसलेलं. १८९२ पासूनचं हे मैदान. आपल्याकडे जुन्या देवळाला घरं खेटून असतात ना, घंटा वाजली की स्वयंपाकघरात ऐकू येते, तसं. मी भिंतीला हात लावून उभी राहिले. आजोबा नेमके कोणत्या बाजूला उभे असतील याचा अंदाज बांधत चारही बाजूंनी फिरले.

१९ मे २०२२ च्या संध्याकाळी मी आत होते. एका सहकारी बाईंच्या भावाला ड्युटी आली, त्याच्या जागी मी. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध जिंकलं तर क्लब वाचणार होता, आणि हाफटाइमला पुन्हा ०-२. शेजारचा म्हातारा डोकं धरून बसला होता. माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "पाणी अजून परतायचंय." त्याने विचारलं, काय म्हणालीस? मी समजावलं. मर्सी नदीवर वाढलेला माणूस, त्याला समजवायला वेळ लागला नाही. इथे उधाणाला पाणी नऊ-दहा मीटर चढतं-उतरतं. म्हणूनच गोद्यांना दरवाजे. मग कीनने एक, रिचार्लिसनने दुसरा, आणि पंच्याऐंशीव्या मिनिटाला काल्व्हर्ट-ल्युइनने डोक्याने तिसरा. ३-२. माणसं मैदानात धावली. मी धावले नाही, पाय हलेनात. त्या म्हाताऱ्याने माझा हात धरला होता, मनगटाजवळ.

नंतर कळलं की १९६६ च्या मे महिन्यात, आजोबांच्या बोटीच्या दोन महिने आधी, एव्हर्टनने वेम्बलीला एफए कपही असाच जिंकला होता. शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध ०-२ वरून ३-२. आजोबांना गोदीतल्या त्या माणसाने खुणांनी काय काय सांगितलं असेल, कोण जाणे. कदाचित हेच.

वॉर्डातल्या माणसांविषयी फार लिहू नये, मी लिहीत नाही. एवढंच सांगते की एकदा गोदीत आयुष्य घालवलेले एक आजोबा माझ्या वॉर्डात होते, आणि ते त्या पोर्तुगालच्या सामन्याला गुडिसनवर होते. मी पॅडीज मार्केटचं नाव घेतलं तर त्यांनीच पुढचं सांगितलं. थंडीत पातळ कपड्यांत रांगेने जाणारे खलाशी, डोक्यावर एकावर एक घातलेल्या टोप्या, खांद्यावर मशीन. "आम्ही सगळ्यांना एकाच नावाने हाक मारायचो," ते म्हणाले, आणि थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांचं नाव काय होतं?" मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. त्या रात्री मी ड्युटी संपल्यावर जिन्यात बसून रडले.

२०२३ च्या नोव्हेंबरात खर्चाचे नियम मोडल्याबद्दल क्लबचे दहा गुण कापले, अपिलात ते सहा झाले, एप्रिलमध्ये आणखी दोन गेले. तरीही टिकलो. तो हिवाळा मला आठवायला नको वाटतो.

१८ मे २०२५ ला पुरुषांच्या संघाचा गुडिसनवरचा शेवटचा सामना. साउदॅम्प्टनला २-० हरवलं, दोन्ही गोल इलिमान एनडायचे. मला तिकीट मिळालं नाही. मिळणार नव्हतंच, लोकांच्या चार-चार पिढ्या तिथे आहेत, त्यांचा हक्क आधी. मी बाहेर रस्त्यावर होते, हजारो माणसांत. आतून गर्जना आली की बाहेरची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडायची. कुणी वडिलांचा फोटो आणला होता, कुणी राखेची डबी. मी फोनवर आईला दाखवत होते. आई म्हणाली, "पाडणार की काय आता?" नाही पाडलं. आता तिथे एव्हर्टनचा महिला संघ खेळतो. हे मला इतकं आवडलं की मी लगेच लेकीला घेऊन गेले. ज्या मैदानावर तिच्या पणजोबांनी आठ गोल मोजले, तिथे ती पोरींना खेळताना बघते.

नवं स्टेडियम गोदीत आहे. अक्षरशः गोदीत. १८४८ ची ब्रॅमली-मूर डॉक, कोळशाची गोदी होती. आधी तिच्यातले मासे पकडून शेजारच्या पाण्यात सोडले, आणि मग समुद्रातून आणलेल्या रेतीने ती भरली. हे ऐकून आईने पहिला प्रश्न विचारला तो माशांचाच. सोडले ना नीट? सोडले, म्हटलं. आजोबांची बोट या गोदीला लागली होती की दुसऱ्या, ते नळीत लिहिलेलं नाही. नळीत मुंबई ते मुंबई एवढंच. पण याच किनाऱ्यावर, याच दगडी भिंतीच्या आत ते उतरले होते, आणि मैदानापर्यंत चालत गेले होते. आता मैदानच त्यांच्या दिशेने चालत आलंय.

२४ ऑगस्ट, तिथला पहिला लीग सामना, ब्रायटनविरुद्ध. या वेळी तिकीट होतं. मफलर आईने पाठवला होता, डांबरगोळ्यांचा वास आणि एका टोकाला कसर लागलेला. ऑगस्टमध्ये तोच गळ्यात घातला. पहिला गोल पुन्हा एनडायचा, दुसरा गार्नरचा, आणि पिकफर्डने पेनल्टी अडवली. २-०. एकदाही मागे पडलो नाही, त्यामुळे आजोबांचं वाक्य म्हणायची वेळच आली नाही.

सामना संपल्यावर नदीच्या कडेला जाऊन आईला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ, तीन दिवसांवर गणपती, मागून करंज्या तळल्याचा आवाज येत होता. आईने निकाल विचारला नाही, तो धाकट्या भावाने फोनवर पाहून आधीच सांगितला होता.

"पाणी काय आहे गो तिकडे?"

अमावस्या नुकतीच झालेली, उधाणाचं पाणी. मर्सी झरझर खाली उतरत होती, भिंतीवरची शेवाळाची रेघ उघडी पडली होती.

"ओहोटी," मी म्हटलं.

"इथे चढतंय," आई म्हणाली, आणि करंजी जळेल म्हणून फोन ठेवला.