भोक पडलेला झेंडा

आज 23 ऑक्टोबर. सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर काढताना सवयीने शेजारच्या खिडकीकडे बघितलं, आणि मग आठवलं की बाची जाऊन दोन वर्षं झाली, घरही विकलं गेलं, आता तिथे राखाडी ब्लाइंड्स आहेत.

बाची म्हणजे हंगेरियनमध्ये काका. त्यांची बायको नेनी, म्हणजे काकू. टोरांटोत आम्ही घर घेतलं त्या आठवड्यात नेनी लांगोश घेऊन आल्या, आपला भटुराच म्हणा, वरून लसूण चोळलेला आणि सावर क्रीम, आणि बाची मागे उभे राहून बघत होते ते आमच्याकडे नाही, भिंतीकडे. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, नजर जाणार कुठे.

त्या भिंतीचं मी पुढे वाटोळं केलं. शंभर वर्षांचं लाल विटांचं घर, हौसेने एका काँट्रॅक्टरकडून सांधे सिमेंटने भरून घेतले, दोन हिवाळ्यांत विटांचे पापुद्रे सुटायला लागले. बाचींनी खिळ्याने सांधा खरवडून बघितला आणि नुसती मान हलवली. सिमेंट जुन्या विटेपेक्षा कडक, त्यामुळे मुरलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडत नाही, विटेतच गोठतं, फुगतं आणि वीट फोडतं. चुनाच पाहिजे. मी म्हणलं आमच्या आजोबांचा वाडापण चुन्यातच आहे, तर लगेच प्रश्न, चुना मळायचे कसे? मला कुठे माहीत! साताऱ्याला आईला फोन लावला, ती म्हणाली बैल जुंपलेली घाणी असायची. झालं, तेव्हापासून घरी कोणीही आलं की माझी ओळख एकच, ह्याच्या आजोबांकडे चुन्याचा बैल होता.

ते सांधे त्यांनी चौऱ्याहत्तराव्या वर्षी छिन्नी-हातोडीने स्वतः काढले, मी बादल्या उचलायला. पैसे घेतले नाहीत, उलट माझ्या कामाला इटालियनमध्ये शिव्या दिल्या. इटालियन का, तर ते आले तेव्हा इथल्या साइटवर बरोबरचे गवंडी सगळे इटालियन, त्यामुळे इंग्लिशच्या आधी तीच भाषा आली.

बाकी गोष्टी अशाच चहा पिता पिता तुकड्यातुकड्यांत कळल्या. हंगेरीतल्या ग्योर गावचा पोरगा, वय 19. 23 ऑक्टोबर 1956 ला तिथे कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध उठाव सुरू झाला, तो चिरडायला 4 नोव्हेंबरला रशियन रणगाडे राजधानी बुडापेस्टमध्ये घुसले, देश सोडून सुमारे 2 लाख लोक गेले, त्यातले 37 हजारांवर कॅनडात, प्रवासखर्च इथल्या सरकारचा. हे आकडे मी नंतर वाचले. बाची सांगायचे ते फक्त बुटाचं. रात्री दलदलीतून ऑस्ट्रियाकडे जाताना एक बूट चिखलात रुतला तो निघालाच नाही, एकाच बुटावर दुसऱ्या देशात पोचलो, दुसरा अजून असेल तिथेच. नेनी म्हणायच्या दरवर्षी तो बूट डावा-उजवा बदलतो. चार वर्षांनी तिकडे आई वारली तेव्हा जाता आलं नाही, हे त्यांनी एकदाच सांगितलं आणि उठून बादली धुवायला लागले.

नेहरूंवर मात्र राग होता. युनोत रशियाविरुद्ध ठराव आला आणि तुम्ही तटस्थ! जसं काय मीच हात वर केला नव्हता. मी शोधून बघितलं, खरंच होतं, गप्प बसलो.

दरवर्षी आजच्या दिवशी खिडकीत लाल-पांढरा-हिरवा झेंडा, मधोमध गोल भोक. एका वर्षी आई इथे होती. मी ऑफिसला आणि ही बया सुईदोरा आणि पांढऱ्या कापडाचा तुकडा घेऊन त्यांच्या दारात हजर! इंग्लिश येत नाही, खुणेने सांगतेय झेंडा द्या, शिवून देते. बाचींना आधी कळेना, मग कळलं तर हसता हसता पायरीवरच बसले. 56 साली लोकांनी झेंड्यातलं कम्युनिस्ट चिन्ह कापून काढलं होतं, हे भोक त्याचं, हे आईला संध्याकाळी मी समजावलं. ती म्हणाली बरं, पण कडा तरी दुमडून घालू देत, दोरे निघतायत. आणि दुसऱ्या दिवशी खरंच घातल्या, नेनीशेजारी बसून, पलाचिंता, म्हणजे त्यांची पातळ गोड धिरडी, खात.

आज फोनवर तिला तारीख लक्षात होती. म्हणाली, झेंड्याचं काय झालं रे? म्हणलं त्यांची मोठी मुलगी घेऊन गेली.

"कडा उसवल्या नाहीत ना?"

उद्या त्या मुलीला मेसेज करून विचारतो.