मावशीच्या हातावरचं गोंदण आणि ब्लेंडरमधलं पिळलेलं मनगट

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मावशीकडे अमळनेरला गेले होते, लॅपटॉप सोबतच होता, कारण दोन महिने झाले मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एक छोटं ॲनिमेशन करतेय, खापरावर मांडा टाकणारी बाई, वीस सेकंदांचं, बस एवढंच. बाई झाली, लुगडं झालं, चूल झाली, पालथं खापर झालं, आणि रिग, म्हणजे हालचालीसाठीचा आतला सांगाडा, लावून हात फिरवला की सगळ्याचं वाटोळं. ज्यांनी मांडा होताना बघितलाय त्यांना माहितीये, पुरण भरलेला गोळा थोडा लाटायचा, मग दोन्ही हातांवर घ्यायचा आणि हात उलटेपालटे करत तो वाढवत वाढवत पार कोपराकडे न्यायचा आणि मग अलगद खापरावर सोडायचा. सगळा खेळ हात फिरवण्याचा. आणि माझ्या बाईचं मनगट नेमकं फिरवतानाच चॉकलेटच्या कागदासारखं मध्ये बारीक होऊन जायचं.

मावशीने स्क्रीनमध्ये डोकावून बघितलं आणि म्हणाली, "हाऊ हात पियेल फडका सारखा का दिसस व माय?" पिळलेल्या फडक्यासारखा. अगदी बरोबर बोलली.

तोपर्यंत मी काय काय केलं होतं ते सांगते, कारण यातल्या अर्ध्या चुका सगळेच करतात. पहिल्यांदा ऑटोमॅटिक वेट्स (त्वचेचा कुठला भाग सांगाड्यातल्या कुठल्या बोनमागे, म्हणजे हाडामागे, किती जाईल त्याचं प्रमाण) लावले तर बोन हीट वेटिंग फेल्ड असा एरर आला, तो बहुतेक वेळा मेशमध्ये, म्हणजे बाईच्या त्वचेच्या जाळीत, एकावर एक बसलेल्या डबल व्हर्टेक्समुळे, म्हणजे बिंदूंमुळे, येतो. एडिट मोडमध्ये सगळं सिलेक्ट करून मर्ज बाय डिस्टन्स केलं, शिफ्ट एन दाबून नॉर्मल्स (पृष्ठभागाचं तोंड) बाहेरच्या दिशेला केले, ऑब्जेक्ट मोडमध्ये येऊन मेश आणि आर्मेचर (तोच सांगाडा) दोघांचं स्केल कंट्रोल ए ने अप्लाय केलं, मग वेट्स बसले. कोपराला एकच एज लूप (हाताभोवतीचं कडांचं कडं) होता, हात वाकवला की पाइप मुडपावा तसा चपटा व्हायचा, तिथे तीन लूप केले. दंडाच्या चार व्हर्टेक्सवर कमरेच्या बोनचं उगाच ०.०२ वेट सांडलेलं होतं म्हणून हात वर केला की त्वचेला टोकं निघायची, ते लिमिट टोटल चारवर ठेवून आणि नॉर्मलाइझ ऑल करून गेलं. हे सगळं तासाभरात होतं.

मनगट मात्र आठ दिवस हलेना. मी नुसती वेट पेंट करत बसले, ब्रश मारायचा, हात फिरवायचा, परत ब्रश. आता कळतंय की ब्रशने ते जाणारच नव्हतं. साधी स्किनिंग (बोनबरोबर त्वचा हलवण्याची पद्धत) जी असते ती दोन बोननी सांगितलेल्या दोन जागांची सरळ सरासरी काढते. समजा एखादी व्हर्टेक्स अर्धी कोपराकडच्या बोनची आणि अर्धी तळहाताची आहे आणि तळहात १८० अंशात फिरला, तर एक बोन म्हणतो इकडे, दुसरा म्हणतो बरोब्बर समोर, मग ती बिचारी मधोमध येते, म्हणजे हाताच्या आत, जाडी शून्य. ९० अंशाला साधारण ७० टक्के जाडी उरते, १५० ला फक्त २६. आर्मेचर मॉडिफायरमध्ये प्रिझर्व्ह व्हॉल्यूमची टिक आहे, ती ड्युअल क्वाटर्नियन पद्धत वापरते, जाडी राहते खरी, पण माझ्या बाईचा कोपर वाकवला की फुगायला लागला म्हणून काढून टाकली.

मावशीच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदणाचे हिरवे ठिपके आहेत, जुने, थोडे पसरलेले. ती वस्त्रगाळ पिठाची कणीक तिंबत होती आणि मी तिला म्हटलं मावशे जरा हात उपडा कर, आता उताणा कर, परत. तळहात फिरला तसा मनगटाजवळचा ठिपका जवळजवळ पलीकडे गेला, मधला अर्धाच सरकला आणि कोपराजवळचा जागचा हललासुद्धा नाही. मी चार वेळा करायला लावलं. आपल्याला वाटतं मनगट फिरतं, पण मनगट फिरतच नाही, फिरते ती कोपरापासूनची सगळी लांबी, आत दोन हाडं आहेत आणि त्यातलं अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून आडवं जातं. मी तो सगळा पीळ एकाच सांध्यात कोंबला होता.

त्याच दिवशी दुपारी बाहेर ऊन मी म्हणत होतं, पंख्याखाली बसून कोपर ते मनगट एकाच बोनच्या जागी तीन बोन केले. पहिला नुसता कोपराबरोबर राहणारा, तो फिरत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्याला कॉपी रोटेशन कॉन्स्ट्रेंट (टार्गेट बोनचं फिरणं ठरावीक प्रमाणात उचलणारी जोडणी), टार्गेट तळहाताचा बोन, फक्त वाय अ‍ॅक्सिस कारण ब्लेंडरमध्ये बोनची लांबी वायवर असते, दोन्हीकडे लोकल स्पेस, इन्फ्लुएन्स दुसऱ्याला ०.३३ आणि तिसऱ्याला ०.६६. मग वेट्स एकातून दुसऱ्यात हळूहळू विरत जातील असे ओढले. आता १५० अंशांचा पीळ तीन जागी ५०-५० अंश असा वाटला जातो आणि प्रत्येक जागी ९० टक्के जाडी शिल्लक राहते, उरलेलं थोडं करेक्टिव्ह शेप की ने, म्हणजे त्या स्थितीपुरता हाताने दुरुस्त केलेल्या आकाराने, भरलं. हात फिरवला आणि तो हात वाटला, खरंच सांगते, डोळ्यात पाणी आलं माझ्या.

एकच राहिलं होतं, बांगड्या. त्या मेशसोबत जोडलेल्या होत्या म्हणून रबरासारख्या ताणायच्या. काचेची वस्तू वाकता कामा नये, म्हणून त्या वेगळ्या काढून शेवटच्या बोनला पॅरेंट केल्या, पूर्ण बांगडी एकाच बोनची.

संध्याकाळी मावशीला दाखवलं. हात दोन-तीनदा नीट बघितला, मान हलवली, मग बोट लावून म्हणाली, "बांगड्या वर कर व माय, पीठ लागी." मांडे करताना बायका बांगड्या कोपराकडे सारून घट्ट बसवतात, ते मला बघूनही दिसलं नव्हतं. त्या उचलून पहिल्या बोनला लावल्या, जिथला ठिपका हलत नाही तिथे.