उनो, दोस, त्रेस आणि दोनदा पाच

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आज दिवसभर डोक्यात द ऑफस्प्रिंग या अमेरिकन पंक बँडचं 'प्रिटी फ्लाय (फॉर अ व्हाइट गाय)' वाजतंय, म्हणजे गोरा असून बऱ्यापैकी कूल. कारण घरातच आहे. भाचा आलाय नाशिकहून. अंगात दोन माणसं मावतील असा टीशर्ट, टोपी उलटी, गळ्यात साखळी आणि आजीलापण 'ब्रो' म्हणतो. आईनं पहिल्यांदा दुर्लक्ष केलं, दुसऱ्यांदा शांतपणे म्हणाली, ब्रो असेल तुझा बाप. मग जेवणं झाल्यावर त्याला बसवलं मोबाइलसमोर आणि म्हटलं बघ, तुझ्या जन्माच्या आधीच तुझ्यावर गाणं निघालंय.

सुरुवातीलाच ते जर्मन वाटणारं काहीतरी येतं ना, गुंटर ग्लीबेन वगैरे, त्यावर भाचा लगेच ट्रान्सलेट करायला निघाला. अरे त्याला अर्थच नाहीये! ते डेफ लेपर्ड या ब्रिटिश रॉक बँडच्या १९८३ च्या 'रॉक ऑफ एजेस' मधून उचललेलं आहे, त्यांचा प्रोड्युसर मट लँग रोज वन टू थ्री फोर करून कंटाळला आणि काहीही बरळायला लागला, तेच रेकॉर्डवर राहिलं. म्हणजे गाणं सुरूच होतं दुसऱ्याच्या उसन्या बडबडीनं, आणि गाण्यातला पोरगा तरी दुसरं काय करतोय, सगळं उसनंच. हे त्यांनी मुद्दाम केलं की सहज झालं कुणास ठाऊक, पण बसलंय फिट्ट.

आणि मग तो आकडे मोजतो स्पॅनिशमध्ये. उनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको, सिंको, सेस. पाच दोनदा! १९९९ मध्ये आमच्याकडे केबलवर हे गाणं दिवसातून कितीतरी वेळा लागायचं, एमटीव्हीवर नाहीतर चॅनल व्हीवर, आणि आम्हा कुणालाच स्पॅनिश येत नसल्यामुळे तो चुकतोय हे कळायचंच नाही, आम्ही आपले त्याच्याबरोबर तस्सेच मोजायचो. दादाच्या कॉलेजमधल्या एका पोरानं शोध लावला आणि मग दोन दिवस तो पोरगा नाक्यावर हिरो होता.

गोष्ट साधी आहे. कॅलिफोर्नियातल्या एखाद्या बऱ्यापैकी खात्यापित्या घरातला गोरा पोरगा, त्याला रॅपर व्हायचंय. म्हणजे रॅप करायचं नाहीये हं, फक्त तसं दिसायचंय. दुकानात जातो आइस क्यूबची टेप आणायला, ती नाही मिळत तर व्हॅनिला आइसची घेऊन येतो. दोघांच्या नावात आइस आहे एवढंच काय ते साम्य. एक लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रलमधला, पोलिसांना शिव्या घालून गाजलेल्या एनडब्ल्यूए या रॅप ग्रुपमधला, आणि दुसरा १९९० चा 'आइस आइस बेबी'वाला, ज्याच्यावर तेव्हापासूनच लोक हसत होते. एवढी मोठी चूक करून पोरगा खूश.

पण माझा सगळ्यात लाडका जोक टॅटूचा. तो जातो १३ काढून घ्यायला आणि येतो ३१ काढून. लहानपणी वाटायचं आकडे उलटे झाले म्हणून हसायचं. १३ म्हणजे काय ते खूप नंतर वाचलं, आणि मग मी एकटीच हसत बसले. सदर्न कॅलिफोर्नियात तो आकडा म्हणजे मस्करी नाही, तिथल्या मेक्सिकन गँगवाल्यांची खूण आहे ती, एम हे तेरावं अक्षर म्हणून. ज्याच्या अंगावर १३ आहे त्याच्याशी कुणी उगाच पंगा घेत नाही. आणि ३१? काहीच नाही. बसचा नंबर वाटतो. एका ओळीत त्या पोराचं सगळं काढलंय: त्याला धोका अंगावर मिरवायचाय, धोका नकोय, आणि टॅटू काढणाऱ्यानंपण त्याला ओळखलंय.

व्हिडिओ मॅकजीचा. हाच माणूस पुढे २००० मध्ये 'चार्लीज एंजल्स' करून हॉलिवूडचा झाला, आणि तो भडक रंगांचा, सगळं एकदम चकाचक करायचा सोस इथेच दिसतो. पोराचं काम करणारा गाय कोहेन म्हणजे कास्टिंगचा कळस आहे. किडकिडीत अंग, ढगळे कपडे आणि चेहऱ्यावर असा कॉन्फिडन्स की ज्याला कशाचाच आधार नाही. नाचता येत नाही, तरी मधोमध जाऊन नाचतो. पोरी बघतात, तो समजतो आपल्यावर फिदा. आजूबाजूचे लोक असे बघतात ना त्याच्याकडे, लग्नात कुणीतरी वरात सोडून भलत्याच मांडवात जेवायला बसल्यासारखे.

एक गोष्ट मात्र आता खटकली, तेव्हा नव्हती खटकली. त्यातल्या काळ्या आणि लॅटिनो लोकांना काम काय, तर याच्याकडे तुच्छतेनं बघणं. ज्यांचं संगीत, ज्यांचे कपडे, ज्यांची भाषा उचलण्यावर पूर्ण जोक उभा आहे ते नुसते बॅकग्राउंडला. गाणं गोऱ्यांचं, हसणारे गोरे, ज्याच्यावर हसतायत तोही गोरा.

तरीपण मला हे गाणं दुष्ट नाही वाटत. दादाशी मघाशी फोनवर यावरूनच वाजलं. तो म्हणतो सोपं आहे गं, वेड्या पोराची टिंगल, शाळेतल्या दांडगटांसारखी. मला नाही पटत. कारण हे लोक टिंगल कुणाची करतायत ते बघ ना. बँड कुठला, कॅलिफोर्नियातल्याच ऑरेंज काउंटीचा, गार्डन ग्रोव्ह, हंटिंग्टन बीच त्या भागातला. म्हणजे तो पोरगा यांच्याच गल्लीतला! आणि हे स्वतः तरी काय होते, गाणारा डेक्स्टर हॉलंड शाळेत वर्गात पहिला येणारा, पुढे मॉलिक्युलर बायॉलॉजीत पीएचडी करायला गेलेला. मध्येच बँड हिट झाल्यामुळे ती सोडली, आणि २०१७ मध्ये परत जाऊन पूर्ण केली, यूएससी म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून, एचआयव्हीवर. गिटारवाला नूडल्स तर एका शाळेत सफाई कामगार होता, १९९४ ला 'स्मॅश' अल्बम तुफान चालायला लागला तेव्हापण नोकरी सुरूच होती त्याची. आता असे हे लोक अंगभर पिना टोचून फार खतरनाक पंक असल्याचा आव आणतील तर त्यांनाच हसू येईल. त्यांना माहितीये पंक असणं आणि पंक दिसणं यात किती अंतर आहे, म्हणूनच रॅपर दिसायला निघालेल्या पोराची नस त्यांना बरोबर सापडली. जवळच्या माणसानंच काढलेली खोड आहे ही. बाहेरच्याला नसती जमली.

आणि दुसरं म्हणजे पोरगा हरत नाही. सगळे हसतात त्याला, पण त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही. जे जे कमी आहे ते तो न मानण्यातून भरून काढतो, असं गाण्यातच म्हटलंय जवळपास. भाच्याला हेच आवडलं असणार, कारण तो पूर्ण गाणं बघून म्हणाला, मावशी, हा तर सॉर्टेड आहे.

काय बोलणार!

गंमत म्हणजे हे गाणं खुद्द अमेरिकेत मेन चार्टवर ५३ च्या वर गेलं नाही, तिकडे रॉक स्टेशनांवर वाजलं खूप, पण ब्रिटनमध्ये १९९९ च्या सुरुवातीला थेट एक नंबर, ऑस्ट्रेलियातपण एक नंबर. ज्यांना ते रिकी लेकचा टॉक शो, पिंटो गाडी असले लोकल संदर्भ लागणारच नाहीत असे लोक नाचले. आमच्यासारखेच. पिंटो म्हणजे फोर्डची सत्तरच्या दशकातली बदनाम गाडी, मागून धडक बसली की पेट घेते म्हणून केस झाल्या होत्या, हे आम्हाला ठाण्यात बसून कुठून कळणार. आम्हाला पिंटो म्हणजे शाळेतली इंग्लिशची मिस. पण शायनिंग मारणारा पोरगा कळायला संदर्भ लागत नाहीत, तो प्रत्येक नाक्यावर एक असतोच, आमच्याकडे तेव्हा त्याच्याकडे यामाहा होती आणि तो रात्रीपण गॉगल लावायचा.

लगेच त्याच वर्षी विअर्ड अल यांकोविकनं यावर विडंबन केलं, 'प्रिटी फ्लाय फॉर अ रॅबाय' (रॅबाय म्हणजे ज्यू धर्मगुरू), म्हणजे विनोदी गाण्याचं विनोदी गाणं, आणि तेही चांगलंय. एवढं ज्याचं विडंबन होऊ शकतं त्याची बांधणी पक्की असते असं माझं मत. नुसता जोक असता तर दुसऱ्यांदा कुणी ऐकलं नसतं. इथे मधल्या त्या पोरींच्या ओळी, गिटारचा तो थांबत थांबत येणारा तुकडा, सगळं बरोबर तीन मिनिटांत आटपतं. जोक सांगणाऱ्यानं कधी थांबायचं हे शिकावं तर यांच्याकडून. (आमच्या ऑफिसातल्या काही जणांना हे लूपवर ऐकवायला हवं.)

दादाचा हेका कायम, की 'स्मॅश' हाच खरा ऑफस्प्रिंग आणि त्यानंतर सोनीकडे गेल्यावर हे पंक राहिलेच नाहीत, टीव्हीवरचे विदूषक झाले. हे तो १९९९ पासून म्हणतोय. मी म्हटलं मग त्याच १९९९ च्या जुलैमध्ये वुडस्टॉक फेस्टिव्हलला काय केलं आठव. एकीकडे बॅकस्ट्रीट बॉइजचे पुतळे स्टेजवर आणून बॅटनं फोडले, हा झाला विदूषकपणा, माझ्या खोलीत तेव्हा त्या बॉइजमधल्या निकचं पोस्टर होतं त्यामुळे मला तर फार लागलं होतं ते. पण त्याच स्टेजवरून डेक्स्टरनं गर्दीतल्या पुरुषांना सुनावलं, की पोरी डोक्यांवरून पुढे सरकवल्या जातात तेव्हा त्यांच्या अंगाला हात लावायचे धंदे बंद करा. त्या फेस्टिव्हलमध्ये पुढे जाळपोळ, पोरींवर अत्याचार, काय काय झालं ते जगाला माहितीये. तेव्हा स्टेजवरून हे बोलायला किती जण पुढे आले?

यावर दादा म्हणाला, ठीक आहे, पण पुतळे फोडले ते चांगलं केलं.

मग 'अमेरिकाना'च लावला पूर्ण, हेडफोनवर. ज्या अल्बममध्ये हा ३१ वाला पोरगा आहे त्याच अल्बममध्ये 'द किड्स आर्न्ट ऑलराइट' आहे, डेक्स्टर जुन्या गल्लीत परत गेला आणि बरोबरच्या मुलांची काय वाट लागलीये ते बघितलं त्यावरचं. गल्ली तीच. बँड तोच. त्या गाण्यात हसायला काही नाही आणि दादाला ते गाणं पाठ आहे, 'स्मॅश' नंतरचं असूनसुद्धा. उद्या फोनवर पहिलं हेच काढणार.